नवोदय, सैनिक स्कूल आणि तिसरीतला निर्णय

जून उजाडला की पाचवीच्या वर्गशिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो, "गुरुजी, नवोदयला क्लास कुठला लावू?" सैनिक स्कूलचं स्वप्न पाहणारे पालकही थोड्याफार फरकानं हेच विचारतात. प्रवेश म्हणजे परीक्षा आणि परीक्षा म्हणजे तयारीचे सहा-आठ महिने, हे या प्रश्नात गृहीत धरलेलं असतं. निवासी शाळांची माहितीपत्रकं नीट वाचली आणि तिथं रुळलेल्या, न रुळलेल्या मुलांकडे पाहिलं, तर माझं मत उलट होत जातं. हे सहा-आठ महिने त्या सगळ्या प्रवासातले सर्वांत कमी निर्णायक. मूल तिसरीत कुठल्या शाळेत बसतं यावर पहिला निकाल लागतो आणि घर सोडून राहायची त्याची किती तयारी आहे यावर शेवटचा. मधल्या परीक्षेविषयी आपण एवढं बोलतो, कारण तिला गुण असतात.

सुरुवात नवोदयपासून करायला हवी, कारण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत 'नंबर लागला' हे शब्द सर्वांत जास्त याच शाळेसाठी वापरले जातात. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही योजना देशभर गेली, पी. व्ही. नरसिंह राव तेव्हा मनुष्यबळ विकासमंत्री होते. त्याआधी १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून दोन शाळा सुरू झाल्या होत्या, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. आज देशात साडेसहाशेच्या आसपास नवोदय विद्यालयं आहेत. महाराष्ट्रातली खवली, पोखरापूर, पलूस, टाकळी ढोकेश्वर अशा गावांत आहेत आणि गोव्यातल्या दोन शाळांचा कारभारही पुण्याच्याच विभागीय कार्यालयातून चालतो. शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं मोफत. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिन्याला काही रक्कम घेतात. मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना तीही माफ. एका शाळेत सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. जिल्ह्यातून अर्ज येतात हजारोंनी.

परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. गणिताला २५ गुण, भाषेला २५ आणि उरलेले ५० एकट्या मानसिक क्षमता चाचणीला. या चाचणीत शब्द जवळपास नसतातच, सगळा खेळ आकृत्यांचा. वेगळी आकृती ओळखणं, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोकं पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, मोठ्या आकृतीत लपलेली छोटी आकृती शोधणं. दहा प्रकार, प्रत्येकी चार प्रश्न. ज्या मुलाच्या घरात पुस्तक नाही, ज्याची बोली शाळेच्या भाषेपेक्षा वेगळी आहे, त्यालाही शहरातल्या मुलाच्या बरोबरीनं उभं राहता यावं म्हणून ही रचना केली. हेतू उत्तम होता. पण आकृत्यांचे दहाच ठरलेले प्रकार म्हटल्यावर सरावानं ते हातात बसवता येतात, आणि क्लासवाल्यांनी नेमकं तेच हेरलं. त्यामुळे जी चाचणी शिकवणीला चकवण्यासाठी होती, तीच आज शिकवणीचा सर्वांत मोठा विषय झाली आहे.

हे जसं खरं, तसंच हेही खरं की वरच्या टोकाला सगळ्यांच्याच आकृत्या बरोबर येऊ लागल्या की फरक पडतो तो गणित आणि भाषेत. भाषेच्या विभागात व्याकरणाचे सुटे प्रश्न नाहीत. चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न. परीक्षा मराठीतून देता येते. म्हणजे इथं तपासलं जातं ते एकच, अनोळखी मजकूर वाचून मुलाला तो कळतो का आणि किती वेळात कळतो. एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळतं. जे मूल अजून बोट ठेवून वाचतं, त्याचा वेळ उताऱ्यातच संपतो आणि घाईत गणितं चुकतात. गणिताचंही तसंच. अपूर्णांक, लसावि-मसावि, नफा-तोटा, परिमिती-क्षेत्रफळ, यात पाचवीच्या मुलाला न झेपणारं काही नाही. पण पाढे तोंडपाठ नसतील तर दीड मिनिट पुरत नाही. वाचनाचा वेग आणि पाढे या दोन्ही गोष्टी दुसरी-तिसरीत येतात किंवा राहून जातात. पाचवीच्या जूनमध्ये क्लास लावून वाचनाचा वेग वाढल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे. आकृत्यांचा सराव मात्र दोन-तीन महिन्यांत, घरी, जुन्या प्रश्नपत्रिकांवर होऊ शकतो. त्यासाठी मुलाला गावाबाहेरच्या निवासी बॅचला पाठवायची गरज नाही. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी मनापासून करून घेणारे गुरुजी ज्या शाळेत आहेत, तिथली मुलं नवोदयलाही निम्मी तयारच असतात, कारण बुद्धिमत्ता चाचणी तिथंही आहेच.

आता तिसरीचा मुद्दा. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी आहेत. ग्रामीण कोण, याची व्याख्या काटेकोर आहे. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं, पूर्ण सत्रं, ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झाली पाहिजेत. यातलं एक सत्र जरी शहरी भागातल्या शाळेत गेलं तरी मूल शहरी गटात जातं, आणि तिथं उरलेल्या जागांसाठी सगळ्या जिल्ह्यातल्या शहरी मुलांशी स्पर्धा. आई-वडील तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाची शाळा पाहतात, तिसरीत मुलाला तिथं घालतात, वर्षभरात पिवळ्या बसचं भाडं परवडेनासं होतं आणि मूल परत गावच्या शाळेत येतं. त्यांच्या दृष्टीनं काहीच बिघडलेलं नसतं. बिघडलेलं असतं ते दोन वर्षांनी, फॉर्म भरताना कळतं. शिवाय शहरी भाग कोणता, हे सरकारी अधिसूचनेवर ठरतं. २०१४ नंतर महाराष्ट्रात तालुक्याच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. गाव तेच, चिखलही तोच; पण तिथल्या शाळेत बसणारी मुलं कागदावर शहरी झाली.

बाकीच्या अटीही अशाच शांतपणे माणसं गाळतात. मूल ज्या जिल्ह्यातल्या नवोदयसाठी अर्ज करतं, त्याच जिल्ह्याचा रहिवास आणि त्याच जिल्ह्यात पाचवी. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबातलं मूल मधेच दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत दाखल झालं की पंचाईत. सहावीची ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पाचवीला पुन्हा बसवून दुसऱ्यांदा नशीब आजमावता येत नाही. जन्मतारखेची मर्यादा दर वर्षी ठरलेली असते आणि शाळेच्या निर्गम उताऱ्यावरची तारीख व जन्मदाखल्यावरची तारीख जुळत नसेल तर निवड झाल्यावरही अडकायला होतं. इतर मागासवर्गाच्या जागांसाठी केंद्राची यादी आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्यात भटक्या जमातीचा दाखला असलेल्या बहुतेक समाजांची नावं केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात येतात, पण दाखला त्या नमुन्यात नव्यानं काढावा लागतो. मराठा समाजाला राज्यानं दिलेलं वेगळं आरक्षण इथं चालत नाही. कुणबी दाखला असेल तर गोष्ट वेगळी. तहसीलमध्ये किंवा सेतू केंद्रात असा दाखला आठवड्यात मिळेलच असं नाही. मुलाचा नंबर लागला आणि दाखला नाही म्हणून आई-बाप उन्हातान्हात खेटे घालताहेत, हे दृश्य दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या तालुक्यात दिसतं. ग्रामीण गटाच्या अटीवर एक आडवाट काही ठिकाणी सर्रास सुचवली जाते. नाव गावच्या जिल्हा परिषद शाळेत ठेवायचं आणि मूल शहरातल्या बॅचमध्ये. कागदपत्रांच्या पडताळणीत हे उघड झालं तर प्रवेश जातो. आणि उघड झालं नाही, तर ती जागा ज्याच्यासाठी ठेवली होती त्या मुलाची जाते. मला दुसरी शक्यता जास्त वाईट वाटते.

मुलींविषयी दोन ओळी. नवोदयमध्ये किमान एकतृतीयांश जागा मुलींना आहेत. पाचवीची मुलगी बाहेर ठेवायची कशी, या विचारानं आजही हुशार मुलींचे अर्जच भरले जात नाहीत. ज्या गुरुजींनी घरी जाऊन आईला समजावलं, त्यांच्याच शाळेतून मुली जातात.

सैनिक स्कूलची गोष्ट वेगळी आहे आणि ती वेगळी आहे हे पालकांना उशिरा कळतं. देशातली पहिली सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि व्ही. के. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री. लष्करातल्या अधिकाऱ्यांत सामान्य घरांतली, सगळ्या प्रांतांतली मुलं यावीत, त्यांनी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जावं, हा उद्देश. हवाईदलप्रमुख झालेले प्रदीप नाईक याच शाळेचे. २०१९ मध्ये चंद्रपूरला राज्यातली दुसरी सैनिक स्कूल उघडली. त्यानंतर केंद्रानं खासगी संस्थांबरोबर भागीदारीत नव्या सैनिक शाळा मंजूर केल्या. त्यांच्यात प्रवेशाचे मार्ग आणि फी वेगवेगळी असते, म्हणून फक्त नावावर जाऊ नये.

इथली सहावीची परीक्षा ३०० गुणांची, १२५ प्रश्न, अडीच तास. एका प्रश्नाला सव्वा मिनिटही नाही. ३०० पैकी १५० गुण गणिताला. भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्यज्ञान यांना प्रत्येकी ५०. नवोदयमध्ये आकृत्यांवर तरून जाता येतं, इथं गणितात कच्चं असलेलं मूल तरत नाही, एवढं साधं आहे. नवोदय आणि सैनिक या दोन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तरीही उत्तरपत्रिकेवर गोल मोकळे सोडून येणारी मुलं असतात, कारण माहीत नसेल तर गप्प बसावं असं आपण त्यांना वर्गात शिकवलेलं असतं. सहावीची परीक्षा मराठीतून देता येते, नववीची मात्र इंग्रजीतूनच. गृहराज्याच्या मुलांसाठी ६७ टक्के जागा आहेत, आणि सैनिक व माजी सैनिकांच्या मुलांसाठीही राखीव जागा आहेत. मुलींना २०२१-२२ पासून सगळ्या सैनिक शाळांत प्रवेश खुला झाला, दहा टक्के किंवा दहा जागा, यांपैकी जे जास्त असेल तितक्या. सहावीच्या प्रवेशाला मुलाखत नाही.

मुलाखतीच्या ऐवजी वैद्यकीय तपासणी आहे आणि खरी गाळणी तिथं बसते. लेखी परीक्षेत चांगल्या क्रमांकानं आलेलं मूल डोळ्यांच्या नंबरामुळे, वर्णांधतेमुळे, गुडघे एकमेकांना घासत असल्यामुळे किंवा कानाच्या जुन्या त्रासामुळे परत येतं. यातल्या बऱ्याच गोष्टी तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरकडे तासाभरात कळू शकतात. वर्षभर क्लासची फी भरणाऱ्या पालकांनी अर्जाआधी एकदा डोळे तपासून घेतलेले नसतात, हे पाहून नवल वाटतं. काही दोष बरे होतात, त्यांना वेळ द्यावा लागतो. वर्णांधता बरी होत नाही. ती असेल तर मुलाला दोन वर्षं फौजेची स्वप्नं दाखवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. दुसरी गोष्ट पैशाची. सैनिक स्कूल मोफत नाही. वर्षाचा खर्च लाखाच्या पुढे जातो. उत्पन्नानुसार शिष्यवृत्त्या मिळतात, त्यांची चौकशी निवड झाल्यावर करण्यापेक्षा आधी करावी.

डेहराडूनच्या राष्ट्रीय भारतीय मिलिटरी कॉलेजची वाट आणखी अरुंद. १३ मार्च १९२२ ला सुरू झालेल्या या संस्थेत आठवीला, वर्षातून दोनदा प्रवेश होतात. महाराष्ट्रात परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. गणित २०० गुणांचं, इंग्रजी १२५, सामान्यज्ञान ७५. उत्तरं गोल रंगवून नाही, लिहून द्यायची. ती पास झाल्यावर ५० गुणांची तोंडी परीक्षा आणि पुढे वैद्यकीय. राज्याच्या वाट्याला येणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. इथं मुलाला स्वतःचं म्हणणं इंग्रजीत मांडता येतं का, वर्तमानपत्र वाचलेलं आहे का, अनोळखी अधिकाऱ्यापुढे ते डोळ्याला डोळा भिडवून बोलतं का, हे पाहिलं जातं. पाठ केलेली उत्तरं तोंडी परीक्षेत पहिल्या दोन मिनिटांत ओळखू येतात.

खासगी निवासी शाळांबद्दल थोडक्यात, कारण त्यांचा प्रश्न बहुतेकांसाठी फीपाशीच संपतो. पाचगणीच्या जुन्या शाळा, राजगुरुनगरजवळची कृष्णमूर्ती फाउंडेशनची सह्याद्री स्कूल, डेहराडूनचं दून स्कूल, यांच्यात मुलाबरोबर पालकांचीही परीक्षा होते. मूल इथं का हवं, या प्रश्नाला 'शिस्त लागावी म्हणून' असं उत्तर देणारे पालक आपल्या हातानं दार लोटतात. अकरावी-बारावीच्या वयात मुळशीच्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजसारखी जागा आहे, १९९७ पासून. तिथं निबंध, मुलाखत, गटातलं वागणं यांना वजन आहे आणि गरजेनुसार आर्थिक मदतही मिळते. मराठी माध्यमाच्या मुलांनी तिथं अर्ज करू नये असं कुठं लिहिलेलं नाही. पण ही मुलं तिथवर पोचत नाहीत, कारण अशी जागा आहे हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

सांगणारं माणूस किती मोलाचं असतं याचं महाराष्ट्राला माहीत असलेलं उदाहरण डॉ. राजेंद्र भारूड यांचं. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचा, भिल्ल समाजातला, वडिलांना जन्माआधीच गमावलेला मुलगा. आई दारू विकून घर चालवायची. मुलगा वेगळा आहे हे शाळेतल्या शिक्षकांनी ओळखलं आणि आईला सांगितलं. नवोदयला प्रवेश झाला आणि पुढे तो डॉक्टर झाला, मग जिल्हाधिकारी. 'मी एक स्वप्न पाहिलं' या पुस्तकात त्यांनी हे सारं लिहिलं आहे. घर सोडताना आई आणि मुलगा दोघंही रडले, हेही ते लपवत नाहीत.

या रडण्याकडे शेवटी यायलाच हवं. दहा-अकरा वर्षांचं मूल पहिल्या पावसात घर सोडतं. पहाटे उठणं, धावणं, रांगेत आंघोळ, मेसमध्ये जे असेल ते खाणं, कपडे स्वतः धुणं, आईशी बोलायचं तर ठरलेल्या दिवशी. दिवाळीच्या सुट्टीला आलेलं मूल परत जायच्या दिवशी दाराला धरून बसतं, तेव्हा बापाला पहिल्यांदा समजतं की परीक्षा मुलानं दिली होती, पण निर्णय आपण घेतला होता. नवोदयमध्ये सुरुवातीची दोन वर्षं मराठीत शिकवतात. नंतर गणित-विज्ञान इंग्रजीत आणि सामाजिक शास्त्रं हिंदीत. नववीत सुमारे ३० टक्के मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात. अनेकांना ते वर्ष आयुष्यभर पुरतं, काहींना ते सोसत नाही. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशभरातल्या नवोदय विद्यालयांत ४९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याचं उघड झालं, तेव्हा शाळांत समुपदेशक हवेत ही मागणी जोरात पुढे आली. हा आकडा घाबरवण्यासाठी देत नाही. लाखो मुलं तिथं नीट शिकली आहेत. पण 'एकदा नंबर लागू दे, मग सगळं नीट होईल' असं म्हणणाऱ्यांनी तो माहीत असू द्यावा.

म्हणून अर्जाच्या आधी मी पालकांना काही अगदी साध्या गोष्टी विचारतो. मूल मामाच्या किंवा आत्याच्या घरी आठ दिवस आई-वडिलांशिवाय राहिलं आहे का? पोट दुखलं तर परक्या मोठ्या माणसाला सांगतं का, की सोसत बसतं? रात्री अंथरूण ओलं होतं का? या वयात हे काही फार दुर्मिळ नाही आणि यात लाज नाही. पण वसतिगृहात त्याची चेष्टा होते, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवलेलं बरं. आणि सर्वांत आधी, मुलाला जायचं आहे का? 'हो' म्हणतं म्हणून नाही. जिल्ह्यातली नवोदय एकदा दाखवून आणा, तिथल्या सहावीच्या मुलाशी त्याला अर्धा तास एकटं बोलू द्या, मग विचारा. तिथून परत येताना गाडीत मूल काय बोलतं, ते ऐका. गप्प बसलं तर तेही ऐका.

ज्या मुलाला शहरात चांगली शाळा आहे, घरी पुस्तकं आहेत, आई-बाप शिकलेले आहेत, त्यानं गावाकडच्या नवोदयची जागा अडवण्यात मला मोठेपणा दिसत नाही. नियमानं ते बसत असेल. पण ही शाळा ज्याच्या घरात वाचायला दुसरं काही नाही त्याच्यासाठी काढली होती. गावात फ्लेक्स लागतो त्यावरचा फोटो बऱ्याचदा शिक्षकाच्याच किंवा नोकरदाराच्याच मुलाचा असतो, तेव्हा हे आठवतं. आणि निवड झाली नाही म्हणून मूल नापास ठरत नाही. ८० जागा आहेत, एवढाच त्याचा अर्थ. नववीत रिकाम्या जागांसाठी पुन्हा परीक्षा असते, सैनिक स्कूललाही नववीत दार उघडतं, आणि गावची शाळा तर आहेच.

तिसरीच्या वर्गशिक्षकांना माझी एक विनंती आहे. जूनमधल्या पहिल्या पालकसभेत ग्रामीण कोट्याची आणि दाखल्यांची अट मोठ्यानं वाचून दाखवा. माहितीपत्रक नवोदय विद्यालय समितीच्या संकेतस्थळावर मिळतं, आणि अर्जाला एक रुपयाही फी नाही.